आईच्या हातावरचे गोंदण माझ्या हातावर : पहिल्या टॅटूचे नियोजन कसे करावे?

दुधनाकाठ

सर्वांना नमस्कार. परभणी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवते. तिशी गाठण्याआधी हातावर पहिला टॅटू करून घ्यावा असे बरेच दिवस मनात आहे आणि नक्षीही ठरलेली आहे. माझ्या आईच्या डाव्या हातावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, तुळशीवृंदावनाचे गोंदण आहे. खाली पायऱ्यांसारख्या तीन आडव्या रेघा, त्यांवर चौकोन, चौकोनातून वर गेलेली फांदी आणि भोवती ठिपक्यांची रांग अशी ती नक्षी आहे. आई लहान असताना तिच्या आजोळी आलेल्या गोंदणाऱ्या बाईने ती काढली होती. आता रंग हिरवट निळा झाला आहे, काही ठिपके एकमेकांत मिसळले आहेत आणि फांदीला पाने किती होती हे आईलाही नक्की सांगता येत नाही.

आमच्या घरात पणजी, आजी, आई, दोन्ही मावश्या या सगळ्यांच्या हातांवर गोंदण होते किंवा आहे. माझ्या पिढीत एकीच्याही हातावर नाही. ही नक्षी आईबरोबर संपून जावी हे मला पटत नाही. फोटो काढून ठेवता येईल हे खरे, पण ती मुळात हातावर वागवण्यासाठी काढलेली होती आणि ती तशीच पुढे जावी असे मला मनापासून वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. नक्षी आज जशी दिसते तशीच उतरवावी की ती नवी असताना जशी असेल तशी काढून घ्यावी? जागा आईच्याच जागेसारखी मनगटावर ठेवावी का? खाली आईचे नाव बारीक अक्षरांत घालावे का? शाळेला सुट्टी असल्यामुळे हे काम याच मे महिन्यात उरकावे असा माझा विचार आहे, तो योग्य आहे का? शिवाय माझा धाकटा भाऊ निमलष्करी दलाच्या भरतीची तयारी करत आहे आणि त्यालाही हीच नक्षी दंडावर हवी आहे. त्याच्या बाबतीत काही अडचण येईल का? ज्यांनी स्वतः टॅटू केला आहे, जे हे काम करतात, किंवा ज्यांच्या हातावर जुने गोंदण आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

सिंदफणा

तुम्ही माझ्या लेकीच्या वयाच्या आहात, म्हणून स्पष्ट लिहिते. माझ्या कपाळावर, हनुवटीवर आणि दोन्ही हातांवर गोंदण आहे. ते काढताना एका मावशीने माझे पाय धरले होते आणि दुसरीने डोके. सुया एकत्र बांधलेल्या होत्या, रक्त पुसायला एकच फडके होते, आणि नंतर हात सुजून मला ताप भरला होता. आम्हा मुलींना कोणी विचारले नव्हते. गोंदण नसलेल्या मुलीला सासरी बोल लावतील, आणि मेल्यावर बाईसोबत जाणारा दागिना तेवढाच, या दोन वाक्यांवर आमचा विषय संपत असे. पुढे शिकायला औरंगाबादेस गेले तेव्हा हनुवटीवरच्या ठिपक्यामुळे वर्गातल्या मुली मला गावंढळ समजत, आणि कित्येक वर्षे मी बोलताना हनुवटीवर हात ठेवत असे.

तुम्ही तुमच्या मर्जीने करत आहात, हा फार मोठा फरक आहे आणि त्याचा मला आनंदच आहे. तरीही एक करा. नक्षी उतरवून घेण्याआधी त्या गोंदणाबद्दल तुमच्या आईला स्वतःला काय वाटते ते नीट विचारा. आपल्याला ज्या गोष्टीचा अभिमान वाटतो तिच्यामागे आईची आठवण कोणत्या प्रकारची आहे, हे बहुतेक घरांत कधी विचारलेच जात नाही.

सुई_आणि_शाई

छत्रपती संभाजीनगरमध्ये मी टॅटूचे काम करतो. माझ्याकडे येणाऱ्यांमध्ये जुने गोंदण उतरवून मागणारे वाढले आहेत, त्यामुळे या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

पहिला प्रश्न नकलेचा. आईच्या हातावर आज दिसते ती नक्षी म्हणजे मूळ रेघ नव्हे. कातडीत गेलेली शाई वर्षानुवर्षे किंचित पसरते, रेघ जाड होते, जवळचे ठिपके एकमेकांना भिडतात आणि वयाप्रमाणे कातडी सैल झाली की चौकोनही तिरपा होतो. हिरवट निळा रंगसुद्धा मूळचा नाही. बहुतेक जुन्या गोंदणात काजळीच असे. काळा कण कातडीच्या आत खोलवर बसला की वरून तो निळसर दिसतो. आजचे रूप जसेच्या तसे तुमच्या हातावर काढले, तर पसरलेल्या रेघा आणखी पसरतील आणि काही वर्षांनी तुळस ओळखू येणार नाही. म्हणून नक्षी आधी कागदावर पुन्हा बांधावी लागते.

त्यासाठी आईचा हात टेबलावर सपाट, सैल ठेवून त्यावर बटर पेपर धरा आणि बारीक टोकाच्या पेनाने प्रत्येक ठिपक्याचा फक्त मध्यबिंदू आणि प्रत्येक रेघेची फक्त मधली ओळ उतरवून घ्या. कडा उतरवू नका, कारण कडा म्हणजेच पसरलेली शाई. नंतर दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून, हाताच्या बरोबर वरून फोटो काढा. पानांचा हिशोब लागत नसेल, तर आईच्या गावातल्या, त्याच सुमारास गोंदून घेतलेल्या बायकांचे हात पाहा. गोंदणाऱ्या बाईचा हात एकच असल्यामुळे एका गावातल्या तुळशी बहुधा एकाच घडणीच्या असतात, आणि एकीच्या हातावर पुसट झालेले दुसरीच्या हातावर स्पष्ट सापडते.

दुसरा प्रश्न जागेचा. अगदी मनगटावर, जिथे हात दुमडल्यावर आडव्या वळ्या पडतात, तिथे मी पहिला टॅटू शक्यतो करत नाही. त्या वळ्यांमध्ये शाई सारखी बसत नाही, आणि भरून येण्याच्या काळात बांगड्या व घड्याळाचा पट्टा नेमका तिथेच घासतो. वळ्यांपासून चार बोटे वर आतल्या बाजूला घ्या. तिथली कातडी सपाट असते, ऊन कमी लागते आणि लांब बाहीखाली झाकताही येते. आकार आईच्या नक्षीपेक्षा थोडा मोठा ठेवा. दोन ठिपक्यांमध्ये एका ठिपक्याएवढी तरी मोकळी जागा असली पाहिजे. तेवढी जागा मिळत नसेल तर नक्षी वाढवावी, ठिपके जवळ आणू नयेत.

कारागीर निवडताना ताज्या टॅटूचे फोटो पाहून भुलू नका, कारण ताजा टॅटू सगळ्यांचाच काळाभोर दिसतो. वर्षभरापूर्वी केलेल्या कामाचे फोटो मागा. दुकानात गेल्यावर सुईचे सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडले जाते का, त्यावरची मुदत तुम्हाला दाखवतात का, शाई मोठ्या बाटलीतून छोट्या टोपणात तुमच्यापुरती ओतून उरलेली फेकली जाते का, मशीन आणि तिची वायर नव्या प्लॅस्टिकने गुंडाळलेली आहे का, आणि मध्येच फोन उचलला तर हातमोजे बदलले जातात का, हे डोळ्यांनी पाहा. शाई पातळ करायला नळाचे पाणी घेताना दिसले तर तिथून उठून यावे. याबद्दल विचारले म्हणून कोणी रागावत असेल, तरीही उठून यावे.

जत्रेतल्या मशीनबद्दल अनेक जण विचारतात. त्या मशीनचे तत्त्व आमच्या मशीनपेक्षा वेगळे नाही. विजेवर चालणाऱ्या टॅटू मशीनचे पेटंट न्यूयॉर्कमध्ये १८९१ साली सॅम्युअल ओरायली यांनी घेतले आणि ती कल्पना एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून आलेली होती. धोका मशीनमध्ये नसून, रांगेतल्या सगळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एकाच सुईत आणि एकाच वाटीत आहे.

मांजराकाठ

ताई, मे महिन्यात करू नका, एवढेच लातूरहून सांगतो. माझ्या पुतण्याने गेल्या उन्हाळ्यात दंडावर टॅटू केला. बेचाळीस अंशांत घाम थांबत नव्हता, घरी टँकरचे पाणी टाकीत साठवलेले होते, आणि जखम दिवसातून दोनदा धुवायची म्हणजे त्याच पाण्याने धुवायची. शेवटी ती पिकली आणि अँटिबायोटिक घ्यावे लागले.

कातडीचा_डॉक्टर

नांदेडला त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे, आणि महिना पुढे ढकलण्यास दुसरेही एक सबळ कारण आहे.

सुई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. वरचा थर सतत झडत असतो, म्हणून शाई खालच्या थरातच बसवावी लागते. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी ते कण बाहेरचे समजून गिळून टाकतात, पण पचवू शकत नाहीत. अशी पेशी मेली की सुटलेले कण नवी पेशी गिळते. २०१८ साली उंदरांवरील संशोधनात हे स्पष्ट दिसले. टॅटू कायम राहतो तो या अव्याहत चालणाऱ्या देवाणघेवाणीमुळे. म्हणून टॅटू काढून घेणे म्हणजे हजारो सूक्ष्म जखमा करून घेणे आहे आणि त्या जखमांतून रक्तावाटे पसरणारे रोग शिरू शकतात, हे लक्षात ठेवूनच नियोजन करावे.

यांपैकी हेपॅटायटिस बी या रोगावर लस आहे. आपल्याकडे बालकांच्या सार्वत्रिक लसीकरणात ती देशभर २०११ पासून दिली जाऊ लागली, त्यामुळे आज पंचविशी-तिशीत असलेल्या बहुतेकांना लहानपणी ती मिळालेलीच नसते. प्रौढांना तीन डोस लागतात : पहिला आज, दुसरा एका महिन्याने आणि तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तुम्ही याच आठवड्यात पहिला डोस घेतला, तर तिसरा नोव्हेंबरमध्ये येईल आणि त्यानंतर थंडीत टॅटू करता येईल. हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही यांवर लस नाही; तिथे नवी सुई आणि वेगळी शाई हेच संरक्षण.

टॅटू करण्याआधी कोणी डॉक्टरांना भेटलेच पाहिजे, तेही सांगतो. ज्यांचा मधुमेह आटोक्यात नाही, जे रक्त पातळ करणारी औषधे घेतात, ज्यांच्या कातडीवर जुन्या जखमेचे किंवा कान टोचल्याचे फुगीर वण उठलेले आहेत, त्यांनी विचारल्याशिवाय करू नये. सोरायसिस किंवा कोड असलेल्यांच्या कातडीला जिथे इजा होते, तिथे नवे चट्टे उठू शकतात. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना थांबावे. तिळावर कधीही गोंदवून घेऊ नये, कारण तीळ बदलला तर तो दिसला पाहिजे. रंगांमध्ये लाल रंगाची ॲलर्जी सर्वांत जास्त आढळते, त्यामुळे तुमची नक्षी एकट्या काळ्या रंगात आहे हे उत्तमच आहे. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील हजारो रासायनिक घटकांवर निर्बंध आणले आहेत. बाटलीवर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल तर ती शाई अंगात जाऊ देऊ नये. शिवाय टॅटूनंतर सहसा एक वर्ष रक्तदान करता येत नाही. तुम्ही नियमित रक्तदाते असाल, तर आधी रक्तदान करून मग टॅटू करावा.

निर्णयाबद्दल एक सोपा उपाय सुचवतो. ठरवलेल्या जागी, ठरवलेल्या आकारात, साध्या हिरव्या मेहंदीने ती नक्षी काढून घ्या आणि रंग उडेपर्यंत नेहमीसारखे वावरा. शाळेत, स्वयंपाकघरात, पाहुण्यांमध्ये. उडाली की पुन्हा काढा. मात्र बाजारात लग्नसराईत मिळणारी काळी मेहंदी वापरू नका. तिच्यात केसांच्या कलपातले पीपीडी नावाचे रसायन मिसळलेले असू शकते. त्याने फोड येतात आणि कधी कधी ॲलर्जी जन्मभराची होते.

वसमतकर

आमच्याकडे हळद पिकते आणि जखमेवर हळद लावण्याची पद्धत घरोघरी आहे. गोंदणावरही जुन्या बायका हळद आणि तेल लावत असत. आजच्या टॅटूवर घरची शुद्ध हळद लावायला काय हरकत आहे, हे डॉक्टरांनी सांगावे.

कातडीचा_डॉक्टर

हळदीबद्दल मलाही आदर आहे, परंतु उघड्या जखमेवर कोणतीही दळलेली पूड नको. घरची हळद शिजवून, वाळवून, दळून येते, पण ती निर्जंतुक नसते; तिचे बारीक कण खपलीत अडकतात आणि पिवळेपणामुळे जखमेची लाली वाढते आहे का हेही कळत नाही. आधी हात धुवून, मग उकळून गार केलेल्या पाण्याने आणि वास नसलेल्या सौम्य साबणाने टॅटू धुवावा, स्वच्छ मऊ कापडाने टिपून घ्यावा आणि डॉक्टरांनी सांगितलेले मलम अगदी पातळ लावावे. जाड थर लावला तर खपली ओली राहून शाईसकट निघते. खाज येईल, पण नख लावू नये. वरची कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते. तोवर विहिरीत पोहणे नको, गंगेवर स्नान नको, आणि ऊन लागू नये म्हणून सैल सुती बाही असावी. लाली पसरत गेली, पू दिसला किंवा ताप आला, तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

अक्षरजुळणी

जालन्यात माझे छपाईचे दुकान आहे, लग्नपत्रिका आणि फलक करतो. नावाच्या मुद्द्यावर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो.

देवनागरी अक्षरे संगणकावर बिघडतात ती ठरावीक ठिकाणी. मोबाइलवरून पाठवलेला मजकूर चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेले अक्षर दिसते, आणि रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तर दुसऱ्या संगणकावर पूर्णच वेगळा उमटतो. पत्रिकेत चुकले तर आम्ही पुन्हा छापतो. हातावर ती सोय नाही. म्हणून टॅटूवाल्याला मजकूर टाइप करून पाठवू नका, अक्षरांचे चित्र करून पाठवा. ते चित्र खऱ्या आकारात कागदावर छापा आणि ज्यांनी ते नाव आधी पाहिलेले नाही अशा दोघांकडून मोठ्याने वाचून घ्या.

तुमच्या नक्षीत ठिपके आहेत, ही यातली खास अडचण आहे. आईच्या नावावर अनुस्वार असेल, तर तो ठिपक्यांच्या रांगेत हरवेल. आणि अनुस्वार नसेल, तर शेवटचा ठिपका अक्षराच्या डोक्यावर येऊन नसलेला अनुस्वार तयार होईल. बारीक अक्षरांतले ‘ध’, ‘भ’, ‘ळ’ यांचे गोल पुढे शाईने बुजतात. माझे मत विचाराल, तर नाव घालू नये. नक्षी कोणाची आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

बालाघाटी

नाव मोडीत घातले तर? मोडीत ते सुंदरही दिसेल आणि वेगळेही.

अक्षरजुळणी

सुंदर दिसेल यात शंका नाही. परंतु मोडीच्या वळणदार, जोडून लिहिलेल्या अक्षरांत चुकलेली रेघ ओळखणारा माणूस टॅटूच्या खुर्चीशेजारी उभा असावा लागेल. मोडी वाचणारे कोणी स्वतः सोबत येत असेल तरच करावे.

कयाधू

प्रश्न थोडा बाजूचा वाटेल, पण निर्णयाशी संबंधित आहे. पुढे आवडेनासा झाला तर लेझरने काढता येतो, असे टॅटूवाले अगदी सहज सांगतात. ते कितपत खरे आहे? माझ्या बहिणीने कॉलेजात असताना एक नाव गोंदवले होते आणि आता तिला ते नको आहे.

कातडीचा_डॉक्टर

काळी शाई लेझरला चांगला प्रतिसाद देते, हे खरे. १०६४ नॅनोमीटरच्या लेझरने शाईचे कण फुटतात आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेते. परंतु एका बैठकीत काम होत नाही; अनेक बैठका लागतात आणि दोन बैठकांमध्ये काही आठवड्यांचे अंतर ठेवावे लागते. निळा आणि हिरवा रंग अधिक चिवट असतो. आपल्या सावळ्या कातडीवर लेझर जपून वापरावा लागतो, नाहीतर शाई गेली तरी पांढरट किंवा गडद डाग मागे राहतो. बहिणीने त्वचारोगतज्ज्ञांकडेच जावे. ‘टॅटू पुसायचे मलम’ म्हणून जे विकले जाते त्यात ॲसिड असते आणि त्याने भाजते. टॅटू कायमचा आहे असे धरूनच निर्णय घ्यावा, हे माझे ठाम मत आहे.

माजी_जवान

भावाच्या प्रश्नाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ताई, त्याला आजच थांबवा.

केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीत टॅटूबद्दल नियम ठरलेले आहेत. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालते, त्यामुळे तुळशीला हरकत येऊ नये. अडचण जागेची आहे. कोपर ते मनगट या भागाची आतली बाजू चालते आणि तीही डाव्या हाताची, कारण सलाम उजव्या हाताने करायचा असतो. त्याशिवाय हाताच्या पंजाची मागची बाजू चालते. आकार त्या अवयवाच्या पाव भागापेक्षा कमी असावा लागतो. तुमचा भाऊ दंडावर म्हणतो आहे, आणि दंड या यादीत बसत नाही. सैन्यदलातही कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि पंजाची मागची बाजू एवढ्यालाच मुभा आहे. आदिवासी समाजातील उमेदवारांना त्यांच्या परंपरेप्रमाणे सवलत मिळते. आपल्या भागातली मुले पहाटे चारला उठून धावतात, वर्षानुवर्षे तयारी करतात आणि वैद्यकीय तपासणीत टॅटूवरून बाहेर पडतात, हे पाहून फार वाईट वाटते. ज्या भरतीला बसायचे तिची जाहिरात त्याने अक्षर न् अक्षर वाचावी, आणि माझे ऐकेल तर निवड होऊन प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत हाताला सुई लावू नये. तुळस कुठे पळून जात नाही.

पूर्णामाय

माझ्या हातावर अशीच तुळस आहे. आमच्या गावात तिला दोन्ही बाजूंना तीन-तीन पाने आणि वर मंजिरी काढत असत. मंजिरी म्हणजे एकावर एक बसवलेले ठिपके, वर जाताना लहान होत गेलेले. मला गोंदणाऱ्या बाईने आधी काडीने काजळाची नक्षी काढली होती, आईला दाखवली होती आणि मगच सुई धरली होती, हे मला स्वच्छ आठवते. त्यानंतर जखमेवर कसल्यातरी पाल्याचा रस चोळला होता, तो कोणता हे तिने कोणाला सांगितले नाही. तुमच्या आईच्या फांदीवर डावीकडे आणि उजवीकडे सारख्या उंचीवर ठिपके दिसतात का, ते पाहा. दिसत असतील तर ती पानांची टोके असतील.

दुधनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके आणि आपुलकीचे प्रतिसाद मिळतील असे वाटले नव्हते.

सिंदफणाताईंनी सांगितल्याप्रमाणे आईशी बोलले. तिने आधी मला ‘हात खराब करू नको’ असेच सांगितले. मग बोलता बोलता कळले की तिच्या उजव्या हातावरचे गोंदण तिला कधीच आवडले नाही, कारण ते तिला धरून बसवून काढलेले होते. डाव्या हातावरची तुळस मात्र तिने दुसऱ्या दिवशी स्वतःहून जाऊन मागितली होती, कारण शेजारच्या मैत्रिणीच्या हातावर ती होती. ती मैत्रीण अजून त्याच गावात आहे. हे मला आजवर माहीत नव्हते आणि विचारले नसते तर कधी कळलेही नसते. आईची संमती आहे, परंतु तिची अट अशी की कुठे करायचे ती जागा आधी तिला दाखवायची.

बटर पेपरवर मध्यबिंदू उतरवले, तेव्हा पूर्णामायनी लिहिल्याप्रमाणे डावीकडे तीन आणि उजवीकडे दोन ठिपके सारख्या उंचीवर सापडले. उजवीकडचा तिसरा फांदीच्या रेघेत मिसळलेला असावा. वरची मंजिरी मात्र एका लांबट डागासारखी झाली आहे, म्हणून पुढच्या आठवड्यात आईला घेऊन त्या मैत्रिणीचा हात पाहायला जात आहोत.

मे महिन्याचा विचार सोडून दिला आहे. हेपॅटायटिस बी चा पहिला डोस काल घेतला. तिसरा नोव्हेंबरमध्ये होईल आणि टॅटू जानेवारीत, दहावीच्या परीक्षांची धावपळ सुरू होण्याआधी. नाव घालणार नाही. रंग फक्त काळा. भावाला नियम दाखवले. तो नाराज झाला, पण थांबायला तयार आहे. मेहंदीची पहिली नक्षी शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये काढेन, म्हणजे मुख्याध्यापक, सहकारी आणि विद्यार्थी यांच्यासमोर ती कशी वाटते हे मला कळेल.

सुई_आणि_शाई यांना एक शेवटचा प्रश्न आहे. ठिपक्यांची नक्षी मशीनने करावी की हाताने सुई टोचून? आणि जानेवारीत नेमके कधी यावे?

सुई_आणि_शाई

दोन्ही पद्धतींनी होते. हाताने टोचलेला ठिपका किंचित मऊ आणि जुन्या गोंदणाच्या जवळचा दिसतो, परंतु वेळ बराच जास्त लागतो. पायऱ्यांच्या सरळ रेघा मशीनने अधिक स्वच्छ येतात. तुमच्या नक्षीसाठी रेघा मशीनने आणि भोवतीचे ठिपके हाताने, असे मी करेन.

संक्रांत होऊ द्या. संक्रांतीला नव्या बांगड्या भरल्या जातात आणि हळदीकुंकवाला घरोघरी जाणे होते, त्यात ताजा टॅटू सांभाळला जात नाही. जानेवारीच्या शेवटी या, डाव्या हातातल्या बांगड्या तीन आठवडे काढून ठेवण्याची तयारी ठेवून. येताना पोटभर जेवून या, आदल्या रात्री नीट झोप घ्या. स्टेन्सिल लावल्यावर हात टेबलावर ठेवून पाहू नका. उभे राहून, हात सहज खाली सोडून आरशात पाहा, कारण हात फिरला की आतली कातडी पिळली जाते आणि टेबलावर सरळ दिसणारे वृंदावन उभे राहिल्यावर कललेले दिसते. सरळ वाटेपर्यंत स्टेन्सिल पुसून पुन्हा लावू, कितीही वेळा. आईंनाही सोबत आणा, त्यांनी होय म्हटल्यावरच सुरुवात करू.

आणि बटर पेपर जपून ठेवा. त्याचा मोबाइलवरचा फोटो पाठवू नका, फोटोत कडा वाकतात. झेरॉक्सच्या दुकानात मूळ आकारात स्कॅन करून ती फाइल पाठवा. मैत्रिणीच्या हातावरची मंजिरी मिळाली, तर तीही त्याच पद्धतीने, वेगळ्या कागदावर उतरवून घ्या.